मठाच्या भिंतीबाहेर : मराठी मुलखातील कॅथलिक धर्मभगिनी

सातपुड्याच्या ऐन पोटात, अक्कलकुवा तालुक्यात, मोलगी हे बाजाराचे गाव वसले आहे. भगर, आमचूर, मोहाची फुले असा डोंगरचा माल तेथे उतरतो, आणि आसपासच्या पाड्यांवरील भिल्ल व पावरा कुटुंबांचा बाहेरच्या जगाशी जो काही व्यवहार होतो तो मुख्यतः या बाजाराच्या वाटेने होतो. पाडे एकमेकांपासून दूर. एका पाड्यातील दोन घरांमध्येही कधी कधी एक ओहळ आणि एक चढण असते. अशा मुलखात कोणतीही सेवा करावयाची तर ती पायी चालून, घरोघर जाऊन आणि वेळी-अवेळी करावी लागते. बाळंतपण रात्री अडते, ताप पावसाळ्यात येतो आणि ऊसतोडीच्या हंगामात अर्धा पाडा कुलूपबंद होऊन गुजरातेकडे गेलेला असतो.

आज एखादी व्रतस्थ कॅथलिक स्त्री अशा मुलखात जाऊन राहिली, औषधाची पिशवी खांद्याला अडकवून पाड्यावर गेली, तर तिच्या चर्चच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. परंतु ही मोकळीक फार जुनी नव्हे. १५६६ पासून पुढे जवळजवळ साडेतीन शतके चर्चच्या धर्मकायद्याच्या काटेकोर अर्थाने 'धर्मभगिनी' आणि 'पाड्यावर जाणारी स्त्री' या दोन कल्पना परस्परविरोधी होत्या. जी खरी संन्यासिनी ती मठाबाहेर पडणार नाही. जी बाहेर पडते ती खरी संन्यासिनी नव्हे. या विरोधातून वाट कशी निघाली याचा इतिहास युरोपातील आहे हे खरे. परंतु त्याचे जवळजवळ सर्व टप्पे गोवा, मुंबई, पुणे आणि कामठी येथील दगडविटांत वाचता येतात. मराठी इतिहासलेखनाने मिशनरी पुरुषांची, त्यांच्या छापखान्यांची, व्याकरणांची आणि वादांची बरीच दखल घेतली. धर्मभगिनींची मात्र 'कॉन्व्हेंट शाळा' या एका शब्दापलीकडे फारशी घेतलेली नाही.

प्रथम कायदा. पोप आठवा बोनिफास याने १२९८ साली काढलेल्या आज्ञापत्रान्वये सर्व संन्यासिनींना कायमच्या मठबंदीत राहणे आवश्यक ठरले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली त्या नियमाची पुनरुक्ती केली, आणि १५६६ मध्ये पाचव्या पायसने तो आणखी आवळला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्रिव्रते विधिपूर्वक घेणाऱ्या स्त्रीने मठाच्या आवाराबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. बाहेरच्यांनी आत यावयाचे नाही. भेट झालीच तर ती जाळीआडून. या नियमाविरुद्ध जाऊ पाहणाऱ्यांची वाट सोपी नव्हती. इंग्लंडच्या मेरी वॉर्डने मठबंदीवाचून मुलींना शिकविणारी संस्था उभारली. ती १६३१ साली रोमने मोडून टाकली. फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी १६३३ साली रुग्णसेवेसाठी भगिनींचा संघ स्थापिला तो टिकला. परंतु तो टिकला याचे कारण त्या भगिनींनी आपणांस संन्यासिनी म्हणवून घेतलेच नाही, आणि व्रते घेतली ती वर्षावर्षाने व खाजगी स्वरूपाची. सेवा करावयाची तर नाव सोडा, नाव हवे तर सेवा सोडा, असा हा पेच होता.

हा नियम त्याच्या पूर्ण वैभवात पाहावयाचा असेल तर जुन्या गोव्याच्या सांता मोनिकाकडे वळले पाहिजे. गोव्याचा आर्चबिशप आलेशु द मेनेझिश याने १६०६ साली या मठाची स्थापना केली. इमारत १६२७ च्या सुमारास पुरी झाली, १६३६ साली आगीत सापडली आणि पुढील वर्षी पुन्हा उभी राहिली. आशिया खंडातील स्त्रियांच्या आद्य मठांपैकी तो एक. ऑगस्टिनच्या नियमाप्रमाणे तेथील जीवन चाले. त्याच काळात मेनेझिशच्या पुढाकाराने गोव्यात स्त्रियांसाठी आणखी दोन आश्रयगृहे उभी राहिली : एक अनाथ व कुलीन मुलींसाठी आणि ज्यांचे पती परगावी आहेत अशा स्त्रियांसाठी, दुसरे 'पतित' गणलेल्या स्त्रियांसाठी. एका धर्माधिकाऱ्याने थोड्या वर्षांच्या अंतराने स्त्रियांसाठी तीन इमारती उठवाव्यात, आणि तिन्हींचे मुख्य लक्षण भिंत हेच असावे, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते. कुमारिका, विरहिणी आणि पश्चात्तापदग्धा या तिघींनाही समाजाने एकच उपाय योजला होता.

सांता मोनिकात प्रवेश करणाऱ्या मुलीच्या घराण्याला मठाकडे हुंडा द्यावा लागे. काळे शिरोवस्त्र धारण करून प्रार्थनागानात बसणाऱ्या वरच्या वर्गातील भगिनी प्रामुख्याने पोर्तुगीज वंशाच्या घराण्यांतील असत. श्वेत शिरोवस्त्राच्या भगिनी आणि त्यांच्याही खालील सेविका हा कष्टकरी वर्ग. म्हणजे मठाच्या आत बाहेरच्या समाजाची उतरंड जशीच्या तशी होती. आणि तरीही या मठाने शहराला अस्वस्थ केले. गोव्याच्या नगरसभेने त्याविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या : लग्नाच्या मुली मठात जातात, त्यांच्याबरोबर घराण्यांची संपत्ती जाते आणि ती परत बाजारात येत नाही. भगिनींच्या संख्येला शंभराची मर्यादा घालण्यात आली. या तक्रारींत केवळ पैशाचा हिशेब होता असे समजणे मात्र अपुरे होईल. ज्या वसाहतीत स्त्रीच्या विवाहावर जमिनी, पदे आणि वारसाहक्क अवलंबून होते, तेथे विवाहाला नकार देऊ शकणाऱ्या, स्वतःमधून अधिकारी निवडणाऱ्या आणि स्वतःचा जमाखर्च पाहणाऱ्या शंभर स्त्रिया एकत्र राहत होत्या. भिंत स्त्रियांना आत ठेवण्यासाठी होती. पण तिने काही अंशी पुरुषांना बाहेरही ठेवले. गोव्याच्या सुप्रसिद्ध बेबिंक या मिठाईचा उगम लोककथा याच मठातील एका भगिनीकडे नेते. ती कथा खरी मानण्याची गरज नाही. परंतु मठाच्या आतले जीवन शहराच्या कल्पनेत कोणत्या रूपाने उरले याची ती एक खूण आहे.

पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ रद्द केले. स्त्रियांच्या मठांना लगेच टाळे लागले नाही. नव्या भगिनी घेण्याची मनाई झाली, आणि मठ आपोआप विझण्याची वाट पाहिली गेली. सांता मोनिकातील शेवटची भगिनी १८८५ साली वारली.

या वेळेपर्यंत ब्रिटिश अमलाखालील मराठी मुलखात निराळ्याच प्रकारच्या भगिनी येऊन पोहोचल्या होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर युरोपात, विशेषतः फ्रान्स व बेल्जम येथे, साधी व्रते घेऊन शाळा व इस्पितळे चालविणाऱ्या स्त्रियांचे संघ मोठ्या संख्येने निर्माण झाले. क्लोदिन तेव्हने हिने लियों येथे १८१८ मध्ये स्थापिलेला येशू-मरिया संघ १८४२ साली आग्र्यास आला. त्याने पुण्याच्या लष्कर भागात १८६० मध्ये कॉन्व्हेंट सुरू केले. लिएज येथे मारी तेरेझ आझ हिने १८३३ साली स्थापन केलेल्या 'क्रुसाच्या कन्या' संघाच्या भगिनी १८६२ मध्ये कराचीस उतरल्या आणि त्याच दशकात वांद्र्यास स्थिरावल्या. नागपूरजवळच्या कामठीच्या छावणीत संत योसेफाच्या भगिनींनी १८७० च्या सुमारास शाळा उघडली. पुणे लष्कर, कराची, कामठी ही नावे शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट लपत नाही : भगिनी आल्या त्या पलटणींच्या आणि रेल्वेच्या वाटेने. आयरिश शिपायांच्या अनाथ मुली, युरेशियन कुटुंबे आणि गोमंतकीय व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कारकूनवर्ग यांच्यासाठी या शाळा निघाल्या. पारशी व हिंदू सुखवस्तू घराण्यांच्या मुली त्यांत नंतर आल्या, आणि त्यांच्या फीवर अनाथालये चालली. 'कॉन्व्हेंट' हा शब्द मराठीत मठ या अर्थाने न रुजता महागड्या इंग्रजी शाळेच्या अर्थाने रुजला त्याचे मूळ या आर्थिक व्यवस्थेत आहे. संघ आपल्या संकल्पाप्रमाणे गरिबांसाठी आला होता. पण गरिबांचा खर्च श्रीमंतांच्या मुलींनी उचलावा ही तजवीज पुढे इतकी भक्कम झाली की तिच्यातून बाहेर पडणे शंभर वर्षांनीही सोपे गेले नाही.

सेवाव्रती भगिनींचे दृश्य मराठी सुधारकांच्या मनावर किती खोल उमटू शकत होते याचे उदाहरण कॅथलिक नव्हे तर अँग्लिकन आहे. पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या आणि १८८३ साली तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या भगिनींनी फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम पाहून आपल्या विचारांना वळण लागल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. शारदा सदन व मुक्ति सदन यांच्या पूर्वपीठिकेत हे दृश्य विसरून चालणार नाही. मात्र पुढे त्याच भगिनींच्या आज्ञापालनाच्या अपेक्षेशी रमाबाईंचा खटका उडाला, हेही तितकेच महत्त्वाचे होय.

या नव्या संघांना रोमने 'धार्मिक' म्हणून पूर्ण मान्यता दिली ती १९०० साली, तेराव्या लिओच्या आज्ञापत्राने. साधी व्रते घेणाऱ्या आणि मठबंदी नसलेल्या स्त्रिया या कायद्याने खऱ्या धर्मभगिनी ठरल्या. परंतु मान्यतेबरोबर बंधनेही आली, आणि त्यांतील एक बंधन हिंदुस्थानच्या दृष्टीने अत्यंत जाचक होते. बाळंतपण, प्रसूतिशास्त्र आणि त्यासंबंधीची शस्त्रक्रिया ही कामे व्रतस्थ स्त्रीला अशोभनीय मानली जात. ती तिने करू नयेत असा चर्चचा दंडक होता.

या दंडकाचा अर्थ समजण्यासाठी दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळाली ती मार्च १८८६ मध्ये. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. धर्मभगिनींनी वैद्यकाचे, विशेषतः प्रसूतिविद्येचे, रीतसर शिक्षण घ्यावे यास रोमने सर्वसाधारण अनुज्ञा दिली ती ११ फेब्रुवारी १९३६ रोजी. म्हणजे कल्याणची एक ब्राह्मण विवाहिता समुद्र ओलांडून जे करू शकली ते करावयास कॅथलिक धर्मभगिनीला आणखी पन्नास वर्षे थांबावे लागले. मधल्या अर्धशतकात मुंबईत कामा इस्पितळ उभे राहिले (१८८६), इडिथ पीची व रखमाबाई यांच्यासारख्या स्त्री डॉक्टरांनी पुरुष डॉक्टरांना हात लावू न देणाऱ्या हजारो स्त्रियांना तपासले. आणि सेवेसाठीच घर सोडून आलेल्या धर्मभगिनी मात्र अडलेल्या बाळंतिणीच्या दाराशी कायद्याने थबकल्या.

हा दंडक मोडून निघाला तो हिंदुस्थानातील अनुभवामुळेच. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांनी १९०९ मध्ये रावळपिंडीस स्त्रियांसाठी इस्पितळ काढले आणि भगिनींना डॉक्टर होऊ द्यावे म्हणून रोमकडे पुनःपुन्हा अर्ज केले. त्या १९१३ साली निवर्तल्या. त्यांच्या प्रेरणेने वैद्यक शिकलेल्या ऑस्ट्रियन डॉ. ॲना डेंगेल १९२० पासून रावळपिंडीत राबल्या आणि १९२५ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन येथे वैद्यकीय सेवाभगिनींचा संघ स्थापिला. त्यात जाहीर व्रते नव्हती. सतराव्या शतकातील जुनीच युक्ती पुन्हा योजावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी यांना विशेष परवानगीने भगिनी व डॉक्टर या दोन्ही नात्यांनी गुंटूर येथे १९२० पासून काम करता आले. पुढे १९४३ मध्ये कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना त्यांनीच बांधली. १९३६ चे अनुज्ञापत्र हे या तिघींच्या चिकाटीचे फळ होय. ते निघाल्यानंतर धर्मभगिनी ही भारतातील परिचारिका आणि सुईण या व्यवसायांतील एक ठळक व्यक्ती बनली.

मुंबईत त्यानंतरच्या दोन दशकांत तीन वेगवेगळे प्रयोग झाले. सेक्रेड हार्ट संघाने १९४० मध्ये सोफिया महाविद्यालय काढले. ते जुन्या कॉन्व्हेंट-परंपरेचे उच्चशिक्षणातील सातत्य होते. डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी हा संघ मुळात फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९० मध्ये, वेगळा वेश व मठ यांवाचून जगण्यासाठीच जन्मला होता; त्याने १९५५ साली निर्मला निकेतन हे समाजकार्याचे महाविद्यालय सुरू केले. दयेचे काम अभ्यासक्रमात बसविता येते, त्यास क्षेत्रकार्य, नोंदी व पर्यवेक्षण लागते, ही कल्पना येथे धर्मभगिनींनी संस्थारूपाने स्वीकारली. तिसरा प्रयोग सर्वांत कमी प्रसिद्ध आणि सर्वांत धाडसाचा. 'क्रुसाच्या कन्या' संघातील जर्मन भगिनी ॲना हुबेर्टा रोगेनडॉर्फ अंधेरीच्या सेंट कॅथरिन्स होममध्ये अनाथ मुलींची देखभाल करीत. त्यांनी १९४२ मध्ये तेथेच 'मरियेच्या साहाय्यिका' हा स्वतंत्र भारतीय संघ उभा केला. युरोपियन संघांच्या शाळांतून इंग्रजी शिकलेल्या, घराण्याच्या मुलींऐवजी येथे झोपडपट्टीत व खेड्यात उतरण्यास तयार असलेल्या मुली आल्या. वर्सोव्याच्या विमला केंद्रात कुष्ठरोग्यांची शुश्रूषा या संघाने आपल्या शिरावर घेतली, आणि पुढे त्याचे कार्य आफ्रिकेतही पोहोचले. युरोपातून आशियाकडे येणारा प्रवाह उलट दिशेने वळल्याचे हे एक लहानसे परंतु लक्षणीय उदाहरण आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी संन्यस्त जीवनाच्या नूतनीकरणाचे फर्मान काढले. प्रत्येक संघाने आपल्या संस्थापकाच्या मूळ हेतूकडे परतावे आणि काळाच्या गरजा पाहाव्यात असा त्याचा आशय होता. बाह्यतः दिसणारा बदल वेशाचा : झगा व ताठ शिरोवस्त्र जाऊन पुष्कळ ठिकाणी साडी आली. खरा बदल निवासाचा होता. तीस-चाळीस भगिनींच्या दगडी कॉन्व्हेंटऐवजी तिघी-चौघींनी भाड्याच्या किंवा कौलारू घरात राहावे, शाळा हेच एकमेव साधन न मानता दवाखाना, बचतगट, प्रौढशिक्षण यांकडे वळावे, असे प्रयत्न झाले. मराठी मुलखात ही हाक आणि १९७२ चा दुष्काळ एकापाठोपाठ आले. नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ साली निर्माण झाला आणि खानदेश त्याच्या कक्षेत आला. सांता मोनिकाच्या वास्तूत १९६४ पासून मातेर देई ही संस्था चालू लागली, भगिनींना ईश्वरविद्येचे शिक्षण देण्यासाठी. ज्या भिंतींनी स्त्रियांना कोंडले होते त्यांच्या आत आता बाहेर पडण्याची तयारी होऊ लागली.

सातपुड्याकडे येताना मात्र एक भान ठेवावे लागते. हा मुलूख सेवकांची वाट पाहत निपचित पडलेला नव्हता. गुलाम महाराजांच्या १९३८ च्या सुमाराच्या आरती-चळवळीने हजारो भिल्लांना दारूपासून दूर केले होते. शहादे-तळोदे भागात १९७० नंतर अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा व मजुरीचा लढा उभा राहिला आणि त्यात आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. नर्मदाकाठच्या बुडीत गावांनी पुढे आपल्या जीवनशाळा स्वतः काढल्या. १ जुलै १९९८ रोजी निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात लोकसंख्येचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आदिवासी आहे. येथे येणाऱ्या कोणत्याही सेवाभावी स्त्रीला प्रथम भिली व पावरी कानाने शिकावी लागते. मराठीही येथे शाळेची भाषा ठरते, मग इंग्रजीची काय कथा.

दुसरे भान धर्मांतराच्या प्रश्नाचे. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५६ मध्ये नागपुरात सादर केलेल्या अहवालात मिशनांच्या शाळा व इस्पितळे धर्मांतराची साधने असल्याचा आक्षेप घेतला. चर्चने तो नाकारला. हा वाद एका परिच्छेदात निकालात निघणारा नाही. परंतु धर्मभगिनींच्या बाबतीत एक निरीक्षण नोंदविता येते : १९६५ नंतर त्या जसजशा शाळेकडून सावकारी, मजुरी व जमीन यांकडे वळल्या, तसतसा त्यांना होणारा विरोध केवळ धार्मिक राहिला नाही. केरळातून आलेल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या राणी मरिया नर्मदेपलीकडील देवास जिल्ह्यात, उदयनगर येथे, १९९२ पासून आदिवासींचे बचतगट बांधीत होत्या. त्यामुळे सावकारांचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्याला त्यांच्या धाकट्या बहिणीने, जी स्वतः धर्मभगिनी आहे, पुढे राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मरियांना 'धन्य' घोषित करण्यात आले. मठबंदीच्या नियमामागे, बाहेरचे जग स्त्रीला धोक्याचे आहे, ही एक भावना होती. ती निराधार नव्हती, इतकेच या घटनेवरून म्हणता येते. उत्तर म्हणून भिंत मात्र पुन्हा कोणी मागितली नाही.

भिंतीचा प्रश्न पुण्यात निराळ्या रूपाने पुढे आला. होली क्रॉस संघाच्या भगिनी लूसी कुरियन १९९१ साली पुण्यात काम करीत असता एक गर्भवती स्त्री त्यांच्याकडे रात्रीपुरता आसरा मागावयास आली. नवरा जिवे मारील अशी तिला भीती होती. निवासात बाहेरच्या स्त्रीला ठेवून घेण्याची मुभा त्यांना नव्हती. दुसऱ्या दिवशी येण्यास सांगून त्यांनी तिला परत पाठविले. त्याच रात्री तिला पेटवून देण्यात आले आणि पोटातील बाळासह ती दगावली. या घटनेनंतर सहा वर्षांनी, १९९७ च्या फेब्रुवारीत, संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित असलेल्या वढू बुद्रुक येथे लूसी कुरियन यांनी छळ झालेल्या स्त्रियांसाठी आश्रयस्थान उघडले. ते कोणा एका धर्माचे नाही असे प्रथमपासून ठरविण्यात आले. दिवाळी, ईद व नाताळ तेथे सारख्याच आस्थेने पाळले जातात. संस्थेला लॅटिन किंवा इंग्रजी नाव न देता सासरी गांजलेल्या प्रत्येक मराठी स्त्रीच्या ओठी असलेला शब्द घेण्यात आला : माहेर.